चौथ्या वर्षाचं कोडं : छोट्या विमानतळांचं घोडं अडतं कुठं?

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात एक चिमणी पाडली गेली. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची ही सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी होटगी रस्त्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत येते, हा वाद कित्येक वर्षं चालला होता. मोर्चे, कोर्टकचेऱ्या, राजकारण सगळं झालं. चिमणी पडली तेव्हा अर्ध्या शहराला वाटलं की आता विमान आलंच. नियमित विमानसेवा सुरू झाली ती ९ जून २०२५ ला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. तीही गोव्याची. मुंबईसाठी आणखी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं.

धावपट्टी होती, अडथळा गेला होता, प्रवासी मिळतील असं सगळे म्हणत होते. मग ही दोन वर्षं गेली कुठं?

याचं उत्तर शोधायला लागलं की कळतं, विमानतळ असणं आणि विमान येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आलेलं विमान टिकणं ही तिसरी. पहिल्या गोष्टीची कोनशिला बसते, दुसरीला हिरवा झेंडा दाखवला जातो. तिसरीचा समारंभ नसतो, म्हणून तिच्याकडं लक्षही जात नाही. हा लेख मुख्यतः त्या तिसरीबद्दल आहे.

## आधी एवढं समजून घेऊ : विमानतळाचं पोट कशावर भरतं?

विमानतळाची कमाई दोन प्रकारची. एक विमानांकडून आणि प्रवाशांकडून थेट मिळणारी : विमान उतरण्याचं शुल्क, उभं करण्याचं शुल्क, तिकिटातच घेतलं जाणारं प्रवासी शुल्क. दुसरी बाजारपेठेची : दुकानांची भाडी, वाहनतळ, जाहिराती, आजूबाजूच्या जमिनीवरची हॉटेलं. मोठ्या विमानतळांना ही दुसरी कमाई तारते. दिवसाला दोन विमानं येणाऱ्या टर्मिनलमध्ये चहाचा एक स्टॉल चालला तरी पुष्कळ.

खर्च मात्र विमानं मोजून होत नाही. दिवसात एकच विमान येणार असलं तरी अग्निशमनाची गाडी आणि तिची माणसं तयारच हवीत. ती नसली तर विमानाला उतरताच येत नाही. हवाई वाहतूक नियंत्रक हवा, सुरक्षा तपासणीची यंत्रं आणि पोलीस हवेत, धावपट्टीवरचे दिवे, कुंपण, वीज हवी. कुत्रं किंवा गाय आत येऊ नये म्हणून फिरणारी माणसं हवीत. हे सगळं सत्तर प्रवाशांसाठी लागतं तसंच सातशेंसाठीही लागतं. म्हणून छोटा विमानतळ जवळजवळ नेहमीच तोट्यात असतो, आणि तेवढ्यावरून कारभार वाईट आहे असं म्हणता येत नाही. खेड्यातली मुक्कामी एसटी आठवा. रात्री अकराला गावात पोचते, पहाटे पाचला निघते, भारमान बेताचं. तिचा खर्च निघतो तो गर्दीच्या मार्गांवरच्या उत्पन्नातून.

विमानतळांचंही असंच चालत आलं. १९९५ मध्ये स्थापन झालेलं भारतीय विमानतळ प्राधिकरण, म्हणजे केंद्र सरकारची विमानतळ सांभाळणारी संस्था (यापुढं नुसतं प्राधिकरण), मोजक्या कमावत्या विमानतळांच्या जिवावर बाकीचे सांभाळत राहिलं. एकत्र कुटुंबात थोरला कमावतो आणि धाकट्यांची शिक्षणं होतात, तसं. थोरला वेगळा निघाला तर काय, याकडं पुढं येऊच.

## मालक कोण? इथंच पहिला घोळ

‘आपला विमानतळ’ असं आपण म्हणतो खरं, पण महाराष्ट्रातच बघा. कोल्हापूर, जळगाव, सोलापूर यांचा कारभार प्राधिकरणाकडं. शिर्डी आणि अमरावती राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं; प्रवासी वाहतूक तिथं पाहुणी. नाशिकजवळचं ओझर विमानं बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं. सिंधुदुर्गातलं चिपी खाजगी कंपनीने बांधलेलं. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे पाच तर २००९ मध्ये एकगठ्ठा एका खाजगी कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिले गेले होते. पुढं ते परत ताब्यात घ्यायची भाषा सरकारलाच करावी लागली.

मालकी अशी विखुरलेली, आणि अधिकार त्याहून. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमानतळ आणि हवाई वाहतूक हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. जमीन संपादन मात्र राज्याने करायचं, पोलीस राज्याचे, रस्ता-पाणी-वीज राज्याची. परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देणार, सुरक्षेचे नियम दिल्लीतला वेगळा विभाग ठरवणार, नवीन विमानतळ बांधायचा तर केंद्राची मंजुरी दोन टप्प्यांत : आधी जागेला, मग प्रकल्पाला. आणि एवढं सगळं जुळल्यावरही विमान आणायचं की नाही, हे एक खाजगी कंपनी आपल्या नफ्या-तोट्याच्या हिशोबाने ठरवणार.

शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर सात नावं असली की विहिरीला कर्ज काढताना जे होतं, तेच इथं होतं.

## ‘उडान’ म्हणजे नेमकं काय

२०१६ च्या जूनमध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण आणलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यातली सर्वांत गाजलेली योजना आली : ‘उडे देश का आम नागरिक’, म्हणजेच उडान. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली विमानाला पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. त्याच दिवशी सुरू झालेल्या मार्गांमध्ये आपला नांदेड-हैदराबादही होता.

कल्पना सरळ आहे. विमान कंपन्या छोट्या गावांना जात नाहीत कारण परवडत नाही. तर सरकारने तीन बाजूंनी ओझं हलकं करायचं. एक, खर्च कमी करायचा : अशा विमानतळांवर उतरण्याचं आणि थांबण्याचं शुल्क नाही, इंधनावरचा राज्याचा व्हॅट १ टक्का किंवा त्याहून कमी, पोलीस आणि अग्निशमन राज्याकडून फुकट. (हा व्हॅट किती मोठा मुद्दा आहे ते यावरून कळेल : मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता आणि २०२३ मध्ये १८ टक्क्यांवर आणला, तर त्याचंही कौतुक झालं.) दोन, एकदा मार्ग मिळाला की तीन वर्षं त्यावर दुसरा स्पर्धक येऊ द्यायचा नाही. आणि तीन, उरलेली तूट रोख भरून द्यायची.

या तिसऱ्या गोष्टीला सरकारी भाषेत ‘व्यवहार्यता तूट निधी’ म्हणतात. आपण त्याला तूटभरपाई म्हणू. कंपनीने विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरवून दिलेल्या दरात विकायच्या. सुरुवातीला हा दर सुमारे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये होता. त्या बदल्यात सरकार तीन वर्षं तूटभरपाई देणार. बहुतेक राज्यांत त्यातला ८० टक्के वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा.

केंद्राचा वाटा येतो कुठून? दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून प्रत्येक उड्डाणामागे काही हजार रुपये घेऊन एक निधी जमवला जातो. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या गर्दीतून नांदेडच्या विमानाचा खर्च. पुन्हा मुक्कामी एसटीच.

## तीन वर्षं संपली की काय होतं, ते कागदावर मांडून पाहू

आकडे समजण्यापुरते, गोल घेतले आहेत. समजा ७० जागांचं विमान आहे आणि एका फेरीचा सगळा खर्च ३ लाख ५० हजार रुपये. म्हणजे जागेमागे ५,००० रुपये.

३५ जागा २,५०० रुपयांना विकल्या. सरकारने प्रत्येकीमागे आणखी २,५०० दिले. निम्मा खर्च वसूल. उरलेल्या ३५ जागांवर तेवढीच कमाई करायची, आणि तिथं दर हवा तो लावता येतो. कंपनीची झोप उडत नाही.

आता चौथं वर्ष. भरपाई बंद. ७० पैकी ६० टक्के, म्हणजे ४२ जागाच भरल्या असं धरा. तोच साडेतीन लाखांचा खर्च ४२ जणांत वाटला की तिकीट होतं ८,३०० रुपयांच्या वर. काल २,५०० ला गेलेला माणूस आज आठ हजार मोजेल? थोडे मोजतील. बाकीचे पुन्हा रात्रीची गाडी पकडतील. प्रवासी घटले की उरलेल्यांवर बोजा वाढतो, तिकीट आणखी चढतं, आणखी प्रवासी घटतात. मग एक दिवस बातमी येते : ‘विमानसेवा तांत्रिक कारणाने तात्पुरती स्थगित’. त्यातलं ‘तात्पुरती’ सहसा फार मनावर घेऊ नये.

## हे नुसतं कागदावरचं गणित नाही

देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ मध्ये उडानचा हिशोब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले होते. त्यातल्या ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि मुदतीनंतरही, मार्च २०२३ पर्यंत, टिकले फक्त ५४. वाटलेल्या शंभर मार्गांमागे सात.

मला यातला सर्वांत बोलका आकडा ५४ नव्हे, ४०३ वाटतो. तूटभरपाई मिळणार हे माहीत असूनही निम्म्याहून जास्त ठिकाणी विमान उडू शकलं नाही. कारण पैसा ही एकच गाठ नव्हती. कुठं विमानतळच वेळेत तयार झाला नाही, कुठं परवाना अडला. काही ठिकाणी कंपनीच तकलादू निघाली : पहिल्या फेरीतल्या १२८ मार्गांपैकी ८४ एअर ओडिशा आणि एअर डेक्कन या दोनच छोट्या कंपन्यांना मिळाले होते, आणि दोघींनाही ते झेपले नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात जळगाव आणि नाशिकला आलेलं विमान एअर डेक्कनचंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात सरकारने सांगितलं की योजनेमुळे ८८ विमानतळ जोडले गेले, ६१९ मार्ग सुरू झाले आणि दीड कोटी लोकांनी प्रवास केला. ही काही मामुली गोष्ट नव्हे. बिहारमधलं दरभंगा बघा : नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं आणि विमानं भरून वाहू लागली. कारण मिथिलेतला माणूस दिल्ली-मुंबईत कामाला आहे, रेल्वेने चोवीस तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात, आणि छठला घरी पोचायचंच असतं. मागणी आधीपासून होती, फक्त दार उघडायचं राहिलं होतं.

शिर्डीचंही तेच. १ ऑक्टोबर २०१७ ला विमानतळ सुरू झाला, आणि त्याला खरं बळ दिलं ते हैदराबाद, बंगळूरु, चेन्नई, दिल्लीच्या साईभक्तांनी. मुंबईहून शिर्डीला जाणारा आजही बहुधा गाडीनेच जातो. कोल्हापूरहून तिरुपतीला विमान सुरू झालं, तेव्हाही कुणाला नवल वाटलं नसेल; बालाजी झाला की अंबाबाई, हा परिपाठ विमानांच्या कितीतरी आधीचा आहे.

म्हणजे प्रश्न ‘छोट्या शहरात विमान चालतं का’ असा नसून ‘कुठून कुठं’ असा आहे. आपण मात्र प्रत्येक जिल्ह्यासाठी आधी मुंबईचं विमान मागतो.

## मुंबईच मागितली तर बिघडलं काय? स्लॉटची गोष्ट

स्लॉट म्हणजे गजबजलेल्या विमानतळावर विमानाला उतरायला किंवा उडायला नेमून दिलेली वेळ. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. तासाला साधारण ४५-४६ विमानांची ये-जा, त्यापुढं गाडी जात नाही.

आता या ४५ वेळा कुणाला द्यायच्या? जगभर रिवाज असा की ज्या कंपनीकडं आधीच्या हंगामात ती वेळ होती आणि जिने ती पुरेशी वापरली, तिचा पुढच्या हंगामातही पहिला हक्क. गावाकडच्या भाषेत वहिवाट. वहिवाट असलेली जागा सोडायला कुणी तयार नसतं. शिवाय त्याच एका वेळेत १८० जणांचं दिल्लीचं विमानही उतरू शकतं आणि ७० जणांचं जळगावचंही. विमानतळ चालवणाऱ्याला जास्त पैसे कशात मिळतात हे सांगायला नको.

म्हणून छोट्या शहरांच्या वाट्याला आल्याच तर अडनिड्या वेळा येतात. सकाळी जाऊन मंत्रालयातलं नाहीतर टाटा हॉस्पिटलमधलं काम उरकून संध्याकाळी परत, हे जमलं तर माणूस जादा पैसे मोजेल. दुपारी दीडला मुंबईत उतरवून दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणणारं विमान कुणाच्या कामाचं? वेळ गैरसोयीची, म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी, म्हणून ‘या मार्गाला मागणी नाही’ असा शेरा.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. त्याने हा गळा थोडा मोकळा व्हावा. पण तिथल्या सकाळच्या वेळांचीही वहिवाट एकदा तयार झाली की झाली. छोट्या शहरांसाठी काही वेळा राखायच्या तर त्या सुरुवातीलाच. याची चर्चा तिथल्या टर्मिनलच्या कमळासारख्या आकाराइतकी होत नाही.

## स्वायत्तता : विमानतळ राज्याच्या हाती असता तर?

ही मागणी अधूनमधून होते, आणि तिच्यात तथ्य आहे. फक्त ‘स्वायत्तता’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात : मालकी, पैसा, आणि विमान कुठून येणार हे ठरवण्याचा हक्क. केरळने या तिन्हींची परीक्षा देऊन पाहिली आहे.

कोचीचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला तो राज्य सरकार, परदेशस्थ मल्याळी आणि इतर भागधारकांच्या कंपनीने बांधून. देशातला अशा प्रकारचा पहिला. तो नफ्यात चालतो, २०१५ पासून सौरऊर्जेवर चालतो. मालकी मिळाली, पैसाही मिळाला.

मग कन्नूर. त्याच धर्तीवर, डिसेंबर २०१८ मध्ये सुरू. धावपट्टी तीन किलोमीटरची, मोठी विमानं सहज उतरतील अशी. आखाती देशांत राहणाऱ्या मलबारी लोकांचा हा भाग, म्हणजे गिऱ्हाईक दारात. पण आखाती विमान कंपन्यांना तिथं उतरायची परवानगीच नाही! परदेशी कंपनीने भारतात कुठं-कुठं उतरायचं हे दोन देशांच्या करारात ठरतं, आणि केंद्र सरकार महानगरांपलीकडं नव्या जागा द्यायला तयार नाही. केंद्राचं म्हणणं असं की दारं उघडली तर परदेशी कंपन्या आपले प्रवासी दुबई-दोहामार्गे पुढं युरोप-अमेरिकेला नेतील आणि आपल्या कंपन्या कधी मोठ्या होणारच नाहीत. या म्हणण्यात दम आहे. पण त्याची किंमत कन्नूर मोजतं. घर स्वतःचं, कर्जाचे हप्ते स्वतःचे, पण पाहुणा कुणी यायचा ते दुसरा ठरवणार.

आणि तिरुवनंतपुरम. २०१९ मध्ये केंद्राने सहा विमानतळ चालवायला देण्यासाठी बोली मागवल्या; निकष होता, प्रवाशामागे प्राधिकरणाला किती रुपये द्याल. केरळ सरकारच्या संस्थेने १३५ रुपये बोली लावली, अदानी समूहाने १६८. राज्याने विरोध केला, न्यायालयात गेलं, हरलं. विमानतळासाठी वेळोवेळी जमीन आम्ही दिली, हा केरळचा मुद्दा हिशोबात धरला गेला नाही.

कॅनडाने १९९४ मध्ये धोरणच बदललं : मोठे विमानतळ स्थानिक मंडळांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आणि प्रादेशिक विमानतळ स्थानिक मालकांना सोपवले. निर्णय झटपट होऊ लागले, पण कमी वर्दळीच्या विमानतळांना धावपट्टीची डागडुजी आपल्या पैशातून करणं जड जाऊ लागलं. स्वातंत्र्य मिळालं की घरखर्चही आपलाच होतो, हे विसरून चालत नाही.

## थोरला वेगळा निघाला

२००६ मध्ये दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खाजगी कंपन्यांकडं गेले. प्राधिकरणाच्या हातून गेले असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. मुंबईच्या उत्पन्नाचा ३८.७ टक्के आणि दिल्लीच्या ४५.९९ टक्के वाटा प्राधिकरणाला द्यायचा करार आहे, आणि छोट्या विमानतळांना त्यातूनच बळ मिळत आलं. पण एकेक कमावता विमानतळ असा बाहेर पडत गेला तर मागं राहतील ते सगळे धाकटेच, ही भीती खोटी नव्हे.

त्यावर सरकारने काढलेला तोडगा आपल्या ओळखीचा आहे. भाजीवाला ताज्या जुडीबरोबर एक शिळी जुडी गळ्यात मारतो, तसं मोठ्या विमानतळाबरोबर छोटा बांधून एकच गाठोडं लिलावात काढायचं. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ‘विमानतळांचा समूह’ या कल्पनेला जागा केली गेली. वाराणसीबरोबर कुशीनगर आणि गया, अमृतसरबरोबर कांगडा, अशा जोड्या ठरल्या. त्या पहिल्या यादीत जळगाव कुणाच्या गाठीला होतं? रायपूरच्या. जळगावचा कारभार छत्तीसगडच्या राजधानीतल्या प्रवाशांच्या जिवावर चालायचा असा तो बेत.

कल्पना मुळात वाईट नाही, एकत्र कुटुंबाचंच छोटं रूप आहे. खरी मेख करारात असते. खाजगी चालक धाकट्यावर किमान किती खर्च करील, किती वर्षांत धावपट्टी वाढवील, हे लिहून घेतलं नाही तर तो सगळा जीव रायपुरात ओतेल आणि जळगावला फक्त दिवे चालू ठेवील. ९५ वर्षांसाठी दिलेल्या त्या पाच विमानतळांचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहेच.

## ‘पण हे श्रीमंतांचे लाड कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळू नये. ज्या जिल्ह्यात एसटीच्या फेऱ्या कमी होताहेत तिथं विमानाच्या जागेमागे हजारो रुपये सरकारने का द्यावेत?

एक उत्तर असं की विमान फक्त प्रवासी नेत नाही. कारखाना कुठं टाकायचा हे ठरवणारा माणूस एका दिवसात येऊन परत जाऊ शकतो का, हे पाहतो. पुण्या-मुंबईतला तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एक दिवस येऊ शकतो. दुसरं उत्तर मला जास्त प्रामाणिक वाटतं : काही मार्गांवर हा खर्च सार्थ आहे, काहींवर नाही. सोलापूरहून मुंबईला २०२३ पासून वंदे भारत आहे, साडेसहा तासांत पोचवते. तिथं विमानाला रेल्वेशी झगडावं लागणार. अमरावती-मुंबई म्हणजे अख्खी रात्र रेल्वेत. तिथं विमानाचं पारडं जड. नाशिक-मुंबईला तर विमानतळावर पोचून तपासणी होईपर्यंत गाडी कसारा घाट उतरलेली असते.

## ‘प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ का नको?’

कारण शेजारचा विमानतळ हा मित्र नसून भाऊबंद असतो. २००८ च्या धोरणानुसार चालू विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवीन बांधायचा तर केंद्राची खास मंजुरी लागते. ही मंजुरी मिळतेही.

चिपीचं काय झालं पाहा. ९ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या थाटात उद्घाटन, व्यासपीठावरची टोलेबाजी सगळ्यांना आठवत असेल. मुंबईचं विमान उडानमधून मिळालं. सव्वा वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये, सीमेपलीकडं गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला. लांब धावपट्टी, देशभरातून विमानं. मालवण-वेंगुर्ल्याला येणारा पर्यटक हिशोब करतो : चिपीला रोज एखादं विमान, तेही रद्द होईल का याचा घोर, मोप्याला दिवसभर विमानं, पुढं थोडा वेळ टॅक्सी. तो मोप्याला उतरतो. २०२४ च्या ऑक्टोबरात चिपीची तीन वर्षांची मुदत संपली आणि मुंबईची ती सेवा थांबली.

## ‘मग भरपाईची मुदत वाढवत राहायची?’

काही ठिकाणी, होय. अमेरिकेने १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरची बंधनं उठवली, तेव्हा लहान गावांची विमानं बंद पडू नयेत म्हणून दहा वर्षांपुरती अशीच मदत सुरू केली. ती मुदत आणखी दहा वर्षांनी वाढवली गेली आणि १९९६ मध्ये योजना कायमची झाली. आजही चालू आहे. नॉर्वेत चाळीसच्या वर विमानतळ एकच सरकारी कंपनी चालवते, आणि त्यातले मोजके नफ्यातले बाकीच्यांना पोसतात. म्हणजे श्रीमंत देशांनाही छोटं विमान तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभं करता आलेलं नाही. तीन हा आकडा गणितातून आला की सोयीतून, अशी शंका येते.

पण ‘काही ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे. पर्यटन, तीर्थक्षेत्र, स्थलांतरित कामगार यांच्या जोरावर जिथं मार्ग उभा राहू शकतो तिथं भरपाई हे बियाणं समजून द्यावी आणि काढून घ्यावी. जिथं रस्ता-रेल्वेचा पर्यायच नाही, उदाहरणार्थ ईशान्येतले डोंगर किंवा बेटं, तिथं ती मुक्कामी एसटीसारखी कायमची सेवा मानावी आणि तोट्याबद्दल रडू नये. आणि जिथं दोन्ही नाही तिथं धावपट्टी रुग्णविमानांसाठी, वैमानिक प्रशिक्षणासाठी ठेवावी आणि कोट्यवधींची टर्मिनल इमारत बांधू नये. आज सगळ्यांना एकच औषध, एकच मात्रा, तीन वर्षांचा कोर्स.

केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित उडान जाहीर केली : आणखी १२० ठिकाणं, दहा वर्षांत ४ कोटी प्रवासी. सोलापूर-मुंबईसाठी तर राज्य सरकारने केंद्राची वाट न पाहता उडानच्याच धर्तीवर तूटभरपाई आपल्या तिजोरीतून द्यायचं ठरवलं. राज्याने पैसा स्वतः ओतायला सुरुवात केली, की कुठल्या वेळेला, कुठल्या मार्गावर हे विचारायचा हक्कही राज्याला आपोआप येतो. तो वापरला जातो का, ते दिसेल.

पुढच्या वेळी आमदार-खासदार विमानतळाच्या पाहणीला येतील तेव्हा टर्मिनलच्या काचा किती उंच आहेत हे ते सांगतीलच. त्यांना मुंबईतल्या स्लॉटची वेळ विचारा. ज्या शहरांत आपल्या गावचे सर्वांत जास्त लोक नोकरीला आहेत, त्यांची यादी कुणी केली आहे का, तेही विचारा. आणि भरपाई कोणत्या महिन्यात संपते, ते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं पहिलं विमान उडालं १६ एप्रिल २०२५ ला. तिथलं चौथं वर्ष एप्रिल २०२८ मध्ये लागतं.